तुटलेल्या आसापासून फुटलेल्या नळापर्यंत

नळाची तोटी हातात तुटून आली, सायकलचा आस मोडला, पंपाची दांडी निखळली, की आपण तो भाग बदलतो आणि जुना भंगारात टाकतो. तो का तुटला असे कोणी विचारलेच, तर तीन उत्तरे ठरलेली असतात : 'जुना झाला होता', 'माल हलका होता' किंवा 'कोणीतरी जोर लावला असेल'. ही उत्तरे कधी कधी बरोबरही असतात. पण ती तपासून घेतलेली नसतात. तुटलेल्या भागाचे निरीक्षण करून, मोजमाप आणि प्रयोग करून तुटण्याचे कारण शोधता येते, ही कल्पना साधारण १८० वर्षांपूर्वी रुजू लागली. तिचा इतिहास शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकी आणि रसायनशास्त्राला लागूनच जातो. या लेखात आपण त्यातली चार प्रकरणे पाहू : आगगाडीचा आस, शहराची जलवाहिनी, सैन्याची काडतुसे आणि खेड्यातला हातपंप.

व्हर्सायहून निघालेली गाडी

८ मे १८४२ हा रविवार होता. फ्रान्सचा राजा लुई फिलीप याच्या सन्मानार्थ व्हर्सायच्या राजवाड्यातील बागेत उत्सव होता, कारंजी सुरू होती. संध्याकाळी पॅरिसला परतणारी गाडी खच्चून भरली होती. म्यूदाँजवळ आली असता तिच्या पुढच्या एंजिनाचा आस तुटला. एंजिन कोसळले, मागचे डबे त्यावर चढले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांनी लाकडी डब्यांनी पेट घेतला. त्या काळी प्रवाशांनी चालत्या गाडीतून उतरू नये म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद करीत. आत अडकलेल्यांना बाहेर पडता आले नाही. पन्नासहून अधिक माणसे मेली. काही अंदाज दोनशेपर्यंत जातात. मृतांत ज्यूल द्युमाँ द्युर्व्हिल हा दर्यावर्दी संशोधकही होता. दक्षिण ध्रुवाजवळच्या किनाऱ्याला त्याने आपल्या पत्नीचे, अॅडेलचे, नाव दिले होते. अॅडेली पेंग्विन हे नाव त्यावरूनच आले. ती आणि त्यांचा मुलगाही त्याच गाडीत होते. तिघेही गेले.

या अपघातानंतर फ्रान्समध्ये दारांना कुलूप लावण्याची पद्धत बंद झाली. पण मूळ प्रश्न राहिलाच. तो आस घडीव लोखंडाचा होता, त्याने कितीतरी फेऱ्या बिनतक्रार केल्या होत्या. पूर्वी त्याने पेललेल्यापेक्षा त्या दिवशी त्याच्यावर काही फार मोठा भार नव्हता. मग तो त्या संध्याकाळीच का तुटावा?

'लोखंडाचे स्फटिक झाले'

त्या काळच्या अनेक अभियंत्यांकडे याचे एक तयार उत्तर होते. चांगले घडीव लोखंड हळूहळू वाकवून तोडले, तर तुटलेला भाग लाकडासारखा तंतुमय दिसतो. चालत्या गाडीत तुटलेल्या आसांचा भाग मात्र चमकदार, दाणेदार, साखरेच्या खड्यासारखा दिसे. यावरून असा निष्कर्ष काढण्यात आला, की सततच्या धक्क्यांनी लोखंडाच्या तंतूंचे स्फटिक होतात आणि लोखंड ठिसूळ बनते. हे स्पष्टीकरण डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर आधारलेले होते, म्हणूनच ते इतके टिकले.

१८४३ मध्ये विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन या स्कॉटिश तरुणाने लंडनच्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे एक निबंध सादर केला. पुढे उष्मागतिकीमध्ये ज्याचे नाव अजरामर झाले तोच हा रँकिन. तेव्हा त्याचे वय अवघे २२-२३ वर्षांचे होते. त्याने तुटलेले आस नीट पाहिले. ते बहुधा एकाच जागी तुटत होते. आसाचा बेअरिंगमध्ये फिरणारा टोकाकडचा बारीक भाग म्हणजे त्याची 'मान', आणि ती जाड भागाला मिळते तो 'खांदा'. तूट या खांद्यापाशी असे, जिथे जाडी एकदम बदलते आणि काटकोनी कोपरा तयार होतो. तुटलेल्या भागावर त्याला दोन पट्टे दिसले : बाहेरच्या कडेने सुमारे अर्धा इंच खोलीचा, गुळगुळीत, नियमित कडे, आणि मध्यभागी खडबडीत भाग.

यातून रँकिनने एक कालक्रम वाचला. भेग पृष्ठभागावर सुरू झाली आणि थोडी थोडी आत सरकत गेली. मध्ये उरलेले चांगले लोखंड जेव्हा भार पेलायला अपुरे पडले, तेव्हा ते एका झटक्यात तुटले. म्हणजे आस 'अचानक' तुटलाच नव्हता. तो कित्येक दिवस तुटत होता, त्यातला फक्त शेवटचा क्षण लोकांना दिसला. त्याचा उपाय साधा होता : मान आणि खांदा यांच्यामध्ये तीक्ष्ण कोपरा ठेवू नका, गोलाई द्या. यंत्राच्या कोणत्याही दांड्यावर जाडी बदलते त्या जागी आज जी गोलाई दिसते, तिच्यामागचे कारण हेच आहे.

स्फटिकांच्या कल्पनेला मात्र लगेच मूठमाती मिळाली नाही. डेव्हिड कर्काल्डी याने लोखंड व पोलादाच्या शेकडो तुकड्यांवर प्रयोग करून १८६२ मध्ये दाखवून दिले, की तेच लोखंड हळू तोडले तर तंतुमय दिसते आणि झटक्याने तोडले तर दाणेदार. लोखंड बदललेले नसते, तोडण्याची रीत बदललेली असते. पुढे याच कर्काल्डीने लंडनमध्ये धातूंची चाचणी करणारी संस्था काढली आणि तिच्या दारावर 'मते नकोत, तथ्ये हवीत' अशा अर्थाचे वाक्य कोरून घेतले. जवळजवळ त्याच सुमारास, १८६३-६४ मध्ये, शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने लोखंडाचा पृष्ठभाग घासून, आम्लाने किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लोखंड पहिल्यापासूनच स्फटिकांचे बनलेले असते, ही गोष्ट अशा निरीक्षणांतून हळूहळू मान्य झाली. जे मुळातच स्फटिकमय आहे ते धक्क्यांनी स्फटिकमय होण्याचा प्रश्नच उरला नाही.

व्होलरचे यंत्र

भेग वाढत जाते हे कळले. पण किती भाराने, किती वेळात? याला उत्तर देण्याचा एक प्रयत्न व्हर्सायच्याही आधी झाला होता. जर्मनीतील हार्झ डोंगरातल्या क्लाउस्थाल येथील खाणींमध्ये ओझे वर खेचणाऱ्या साखळ्या तुटत. तिथल्या विल्हेल्म आल्बर्टने १८२९ च्या सुमारास यंत्रावर साखळ्यांना पुन्हा पुन्हा ताण देऊन पाहिले. एका वेळी सहज पेलणारा भारही हजारो वेळा दिला तर साखळी तोडू शकतो, हे त्याच्या लक्षात आले. साखळीऐवजी त्याने १८३४ मध्ये तारेचा दोर वापरात आणला. १८५४ मध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट या इंग्रज अभियंत्याने आपल्या निबंधात 'धातूचा थकवा' हा शब्दप्रयोग केला. त्याच्या उदाहरणांत रेल्वेच्या आसांबरोबर मद्य गाळण्याच्या कारखान्यातली यंत्रे आणि पाण्याचे पंपही होते.

पण थकव्याचे खरे मोजमाप केले ते ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने. चालत्या गाडीत आस प्रत्यक्ष किती वाकतो हे त्याने आधी मोजले. मग आस, दांडे फिरवून पाहण्याची यंत्रे तयार केली आणि १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत प्रयोग केले.

आस फिरताना काय होते हे वर्गात एखादी काठी हातात धरून दाखवता येईल. दोन्ही बाजूंनी भार दिल्याने आस किंचित वाकतो. वाकलेल्या दांड्याच्या एका बाजूला ताण असतो, विरुद्ध बाजूला दाब. आस अर्धा फेरा फिरला की ताणाखालचा भाग दाबाखाली येतो आणि दाबाखालचा ताणाखाली. प्रत्येक फेऱ्याला आसाच्या पृष्ठभागाचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. आता हिशोब करू. चाकाचा व्यास एक मीटर धरला तर परीघ ३.१४ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ३१८ फेरे. पुणे ते मुंबई हे अंतर १९२ किलोमीटर. एका खेपेत साधारण ६१ हजार फेरे. रोज एकदा जाऊन-येऊन करणाऱ्या डब्याचा आस वर्षभरात सुमारे साडेचार कोटी वेळा उलटसुलट वाकतो.

व्होलरला दिसले ते असे : ताण जितका कमी, तितके जास्त फेरे आस टिकतो. एका ठरावीक मर्यादेखाली ताण ठेवला तर लोखंडी दांडा कोट्यवधी फेऱ्यांनंतरही तुटत नाही. ताणाच्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा तो किती वरखाली होतो याला अधिक महत्त्व असते. आणि तीक्ष्ण कोपरा असेल तर आयुष्य झपाट्याने घटते. ताण आणि फेऱ्यांची संख्या यांचा आलेख आजही व्होलरच्या नावाने ओळखला जातो.

आत काय घडते हे १९०३ मध्ये युइंग आणि हम्फ्री या ब्रिटिश संशोधकांनी पाहिले. स्वीडिश लोखंडाचा घासून चकचकीत केलेला तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा वाकवला आणि मधून मधून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काही स्फटिकांवर बारीक रेघा उमटल्या. स्फटिकातले थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकमेकांवरून सरकल्याची ती खूण होती. फेरे वाढले तशा रेघा रुंद झाल्या आणि त्यांतल्या काहींची भेग झाली.

मॉस्कोचे नळ

आता पाण्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्को शहरातल्या जलवाहिन्या फुटत होत्या. पंपाचा नेहमीचा दाब पाहता त्या फुटायला नको होत्या. याचा शोध घेण्याचे काम निकोलाय जुकोव्हस्की या प्राध्यापकाने केले. विमानविद्येच्या जनकांपैकी एक म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. १८९७-९८ मध्ये त्याने २, ४ आणि ६ इंच व्यासाच्या लांबच लांब नळांवर प्रयोग केले : पाणी वाहत असताना झडप एकदम बंद करायची आणि नळाच्या निरनिराळ्या जागी दाब कसा बदलतो ते नोंदवायचे.

झडप बंद झाली की तिच्याजवळचे पाणी थांबते, पण मागचे पाणी पुढे ढकलतच असते. पाणी थोडे दाबले जाते, नळ थोडा फुगतो आणि दाबाची एक लाट मागे धावत सुटते. या लाटेचा वेग म्हणजे त्या नळातल्या पाण्यातला ध्वनीचा वेग. लोखंडी नळात तो सेकंदाला एक हजार मीटर किंवा थोडा अधिक असतो. दाबातली वाढ काढण्यासाठी तीनच गोष्टींचा गुणाकार करायचा : पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याच्या वेगात पडलेला फरक. पाणी सेकंदाला फक्त एक मीटर वेगाने वाहत असेल आणि एकदम थांबले, तर १००० गुणिले १००० गुणिले १, म्हणजे दहा लाख पास्कल. हा दाब दहा वातावरणांइतका, किंवा शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका झाला, आणि तो नेहमीच्या दाबात भर म्हणून येतो! नळ एकदम बंद केल्यावर भिंतीत 'ठक्क' असा आवाज येतो तो याच जलाघाताचा.

उपायही याच हिशोबातून निघतो. लाट नळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो, त्यापेक्षा बराच जास्त वेळ घेऊन झडप बंद केली तर आघात सौम्य होतो. नळ ५०० मीटर लांब असेल तर हा वेळ सुमारे एक सेकंद. म्हणूनच मोठ्या जलवाहिन्यांच्या झडपा बरेच फेरे देऊन सावकाश बंद होतील अशा करतात. दाबाच्या आलेखावरून गळतीची जागा कशी ओळखता येईल हेही जुकोव्हस्कीने दाखवले.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आतल्या दाबामुळे नळाच्या भिंतीत परिघाच्या दिशेने जो ताण येतो, तो लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो. त्यामुळे केवळ दाबाने फुटलेला नळ बहुधा उभा, म्हणजे लांबीच्या दिशेने चिरतो. नळ आडवा, गोलाकार तुटला असेल तर त्याला कोणीतरी वाकवले, किंवा आधाराविना लोंबकळत ठेवले, अशी शंका घ्यावी. भेगेची दिशा पाहून ताणाची दिशा कळते.

तबेल्यातील काडतुसे

तिसरे प्रकरण आपल्या देशातले आहे. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे भारतात एक चमत्कारिक खोड दाखवीत. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांमध्ये ठेवला जाई. पाऊस सरून पेट्या उघडल्या की अनेक काडतुसांना तडे गेलेले दिसत; विशेषतः जिथे पितळेची नळी गोळीभोवती आवळलेली असते तिथे. कोणी ती वापरलेली नव्हती, आपटलेली नव्हती. तडा गेलेले काडतूस बंदुकीत उडवणे सैनिकाच्या जिवाशी खेळ होता. या दुखण्याला 'ऋतुभंग' म्हणता येईल असे इंग्रजी नाव पडले.

उलगडा १९२१ मध्ये झाला. वुलविच येथील संशोधन विभागातील मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले, की यात दोन कारणांची जोडी होती. पहिले कारण कारखान्यातले. काडतुसाची नळी पितळेच्या चकतीपासून थंड अवस्थेत ओढून, दाबून बनवतात. असे केल्याने पितळ कडक होते आणि त्यात ताण उरतो. बाहेरून कोणी हात न लावताही धातू आतल्या आत ताणलेला असतो. दुसरे कारण तबेल्यातले. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया तयार होतो. दमट हवेत अमोनिया आणि ऑक्सिजन मिळून पितळेतल्या तांब्यावर हल्ला करतात आणि पाण्यात विरघळणारे संयुग बनते. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर जो गर्द निळा रंग येतो तो याच संयुगाचा. भेगेच्या टोकाशी तांबे विरघळते, आतला ताण भेग आणखी उघडतो, नवे तांबे उघडे पडते, पुन्हा हल्ला होतो.

दोन्हींपैकी एकच असते तर काडतुसे वाचली असती. ताण नसलेले पितळ अमोनियात नुसते काळपट-निळसर झाले असते. अमोनियाविना ताणलेले पितळ तसेच पडून राहिले असते. त्यामुळे उपायही दोनपैकी कोणत्याही बाजूने करता येत होता. पितळ साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर त्याचा कडकपणा फारसा न जाता आतला ताण निघून जातो. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर पत्रा ठोकून कडक झाला की तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करून घेतात, तो याच कुळातला उपाय; फक्त त्यात तापमान बरेच जास्त असते, कारण तिथे कडकपणाही घालवायचा असतो.

हे दुखणे काडतुसांबरोबर संपले नाही. स्वच्छतागृहातला पितळी नट किंवा जोड पुष्कळदा वापरात नसतानाही उभा चिरलेला सापडतो. लोखंडी नळाच्या निमुळत्या आट्यांवर भरपूर सूत आणि सफेदा लावून, लांब पान्याने 'अजून एक आटा' आवळला, की पितळी जोडाच्या परिघात कायमचा ताण बसतो. मुतारीतला किंवा साफसफाईच्या द्रावणातला अमोनिया उरलेले काम करतो. जोड बसवल्यानंतर काही महिन्यांनी फुटतो, आणि तोपर्यंत बसवणारा कधीच निघून गेलेला असतो.

पितळेचे आणखी एक दुखणे याच्याशी गल्लत होण्यासारखे आहे. क्षारयुक्त, विशेषतः क्लोराइड जास्त असलेल्या किंवा गरम पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, तांबूस, बिस्किटासारखे ठिसूळ तांबे उरते. भागाचा आकार आणि जाडी तशीच राहते, ताकद मात्र जाते. ही गोष्ट १८६६ मध्येच नोंदली गेली होती. काही प्रकारच्या पितळेत अगदी थोडे, शेकडा एका टक्क्याच्याही लहान अंशाइतके, आर्सेनिक मिसळले तर ती रोखता येते, हे १९२० च्या दशकात कळले. ताणाने व अमोनियाने गेलेली भेग बारीक असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पितळ पिवळे, निरोगी असते; जस्त गेलेला भाग आतून लाल दिसतो. पहिल्यावर उपाय जोड बसवण्याच्या रीतीत आहे, दुसऱ्यावर पितळेच्या निवडीत. कारण न शोधता नुसता नवा भाग बसवला, तर तोही तसाच जाणार.

चौथे प्रकरण : हातपंप

१९६० आणि १९७० च्या दशकांत दुष्काळाच्या निमित्ताने देशात कठीण खडकातही विंधणविहिरी खोदल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ सोसला. विहिरींवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले गेले. ते मुळात युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या शेतघरासाठी बनलेल्या पंपांच्या नकला होते. १९७४ च्या सुमारास युनिसेफने केलेल्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. पाणी जमिनीत होते, पण पंपाची दांडी मोडलेली होती. बायकांना पुन्हा मैलोन्मैल चालत जावे लागत होते.

'लोक नीट वापरत नाहीत' हे उत्तर येथेही सहज देता आले असते. पण हिशोब करून पाहू. मिनिटाला ४० वेळा दांडी खालीवर आणि दिवसाला दहा तास वापर धरला, तर दिवसात २४ हजार हेलकावे होतात, वर्षात सुमारे ८८ लाख. एका कुटुंबाला दिवसाकाठी काही शे हेलकावे पुरतात. गावाच्या पंपावर व्होलरच्या यंत्रासारखी वेळ आली होती. त्यात ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, ताण आणि आघात सोसत नाही.

यावर पहिली चांगली उत्तरे मराठवाडा आणि सोलापूर भागातून आली. जालना येथे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमधल्या लोकांनी आणि पुढे सोलापूर वेल सर्व्हिसने ओतीव लोखंडाऐवजी पोलादाचे सांगाडे केले. दांडीला अनेक सांध्यांऐवजी एकच टेकू दिला. सोलापूरच्या पंपात दांडीच्या टोकाला वर्तुळखंड आणि त्यावरून साखळी घेतली. त्यामुळे खालची सळई नेहमी सरळ रेषेत ओढली जाते, बाजूला वाकत नाही. आसाला ज्यामुळे थकवा येई ते उलटसुलट वाकणेच येथे काढून टाकले होते. याच रचनेवरून युनिसेफच्या साहाय्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला आणि तो भारतभर, नंतर इतर अनेक देशांत पोचला.

वर्गात काय करता येईल?

तुटलेल्या भागांचा एक खोका शाळेत ठेवावा. नळदुरुस्ती करणारे, सायकलवाले, गिरणीवाले असे भाग आनंदाने देतात. भाग घेताना दोन पथ्ये पाळावीत. आमच्यासारख्या धातूंवर काम करणाऱ्यांकडे तुटलेला भाग येतो तेव्हा तो पुष्कळदा घासूनपुसून आणलेला असतो, किंवा दोन्ही तुकडे जुळतात का हे पाहण्यासाठी एकमेकांवर दाबून पाहिलेले असतात. त्यात नेमका पुरावा नाहीसा होतो. तेव्हा तुटलेली बाजू घासू नये आणि तुकडे एकमेकांना टेकवू नयेत. भाग कुठे बसवला होता, कधी बसवला, पाणी कसले होते, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

मग भिंगातून पाहावे. शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा दिसल्या तर तो थकवा समजावा; त्या रेषा ज्या बिंदूभोवती वळलेल्या असतील तिथे भेगेचा उगम. तिथे कोपरा, ओरखडा किंवा आटा आहे का? शेवटी झटक्यात तुटलेला खडबडीत भाग लहान असेल तर भार बेताचाच होता आणि भेग पुष्कळ काळ वाढत होती. तो मोठा असेल तर भार जास्त होता.

व्होलरचा प्रयोगही लहान प्रमाणात करता येतो. कागदाला लावायच्या एकाच खोक्यातल्या क्लिपा घ्याव्यात. एका गटाने तार ९० अंशांतून, दुसऱ्याने ६० अंशांतून, तिसऱ्याने ३० अंशांतून मागेपुढे वाकवावी आणि तुटेपर्यंतचे फेरे मोजावेत. तुटताना तारेचे टोक डोळ्यांपासून लांब ठेवावे. प्रत्येक कोनासाठी किमान दहा क्लिपा तोडाव्यात, कारण एकसारख्या दिसणाऱ्या क्लिपांचे आकडेही बरेच वेगळे येतात. आलेख काढावा. मग कानशीने हलकी खाच पाडून तेच पुन्हा करावे. क्लिप इथे खूपच जास्त वाकते, आसासारखी किंचित नाही, म्हणून ती थोड्याच फेऱ्यांत तुटते. पण आलेखाचा कल तोच दिसेल.

पूर्वी स्थानकावर गाडी थांबली की एक माणूस लांब हातोडीने चाके ठोकत जाई. चांगले चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. आज रेल्वेच्या कार्यशाळांत आसांची तपासणी श्रवणातीत ध्वनीने करतात. आतल्या भेगेवरून परतलेला प्रतिध्वनी पडद्यावर दिसतो. १८४२ च्या त्या आसातली भेगही गाडी सुटण्याआधी तिथे होती. रँकिनने पाहिली तशी ती पाहायची असते हे कोणाला ठाऊक नव्हते, एवढेच. आपल्या शाळेच्या नळावर, पंपावर किंवा झोपाळ्याच्या कडीवर अशी एखादी भेग आज असेल, तर ती मुलांनी ओळखावी यासाठी त्यांना तुटलेले तुकडे हाताळू द्यावेत.